सोबतीचं जेवण

"काकू, तुम्ही चावत नाही," डॉ. ऋजुता हंचाटे म्हणाल्या.

महानंदाबाई बिराजदार तपासणीच्या खुर्चीत आडव्या होत्या. तोंडात लावलेली नळी निघाल्यावर त्यांनी जबडा थोडा हलवला आणि म्हणाल्या, "दोन्ही वेळ जेवते की ओ, डॉक्टर."

"जेवता. पण चावत नाही."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. तिथं महानंदाबाईंचाच खालचा जबडा हळूहळू फिरत होता. डाव्या बाजूला टायटॅनियमचे दोन स्क्रू उभे होते, त्यांच्यावर दाढा बसवलेल्या. दोन्ही स्क्रूंच्या मानेभोवती एक काळसर कडा दिसत होती.

"पूर्वी ही कडा नव्हती," डॉक्टर म्हणाल्या. "तिथलं हाड कमी होतंय. जंतूंमुळे नाही, हिरडी तुमची स्वच्छ आहे. काम नाही म्हणून ते जातंय."

"हाडाला कसलं काम?"

डॉ. ऋजुता तिशीच्या होत्या, होटगी रोडवरच्या या दंतसंशोधन केंद्रात नव्या आलेल्या. हा प्रश्न त्यांना आवडत असावा, कारण त्या लगेच स्टूल ओढून जवळ बसल्या.

"आपला स्वतःचा दात हाडात घट्ट रुतलेला नसतो. बारीक तंतूंनी टांगलेला असतो, झोळीत ठेवल्यासारखा. आपण चावलं की तो किंचित दबतो, आणि खडा लागला की आपल्याला लगेच कळतं. या स्क्रूला झोळी नाही. हाड त्याला थेट धरून बसतं, त्यामुळे प्रत्येक घासाचा भार सरळ हाडावर येतो. हाड म्हणजे दगड नाही, काकू. त्यात जिवंत पेशी असतात. चावताना हाड वाकतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं, पण पेशींना ते समजतं. जिथं वाक पडतो तिथं शरीर हाडाची भर घालतं. जिथं कधीच पडत नाही तिथलं हाड शरीर काढून घेतं. फार जोर पडला तरी बिघडतं, अजिबात पडला नाही तरी बिघडतं."

"मग जोरात चावते."

"नुसतं तेवढंच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "या पेशी लवकर कंटाळतात. एकसारखं कोणी दार ठोठावत राहिलं तर आपण लक्ष द्यायचं सोडतो ना? तसंच. पण एकदा ठोठावलं, थांबलं, मग पुन्हा ठोठावलं, तर त्या प्रत्येक वेळी जाग्या होतात. म्हणून हाडाला मधले थांबे लागतात. माणसं गप्पा मारत जेवतात तेव्हा हे आपोआप होतं. एक घास, मग एखादं वाक्य, मग दुसऱ्याचं ऐकणं. तुमच्या स्क्रूच्या मानेत जो पापुद्रा बसवलाय ना, तो हेच मोजतो. किती जोर, किती वेळ, किती थांबे. त्यावरून तुम्ही एकट्या जेवलात की कोणाबरोबर, हे आम्हाला कळतं."

त्यांनी पडद्यावर एक दिनदर्शिका उघडली. प्रत्येक जेवणाला एक ठिपका. सोबतीचं जेवण हिरवं, एकट्याचं करडं. अलीकडच्या महिन्यांत सगळे ठिपके करडे होते.

महानंदाबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. कोणीतरी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज डोकावतंय असं त्यांना वाटलं. पापुद्र्याबद्दल कागदावर सही केली होती खरी. पण तेव्हा तो फक्त दातांची काळजी घेतो, एवढंच ध्यानात राहिलं होतं.

"दिवसातून एक जेवण कोणाबरोबर तरी करा," डॉक्टर म्हणाल्या. "हे औषध समजा. नाहीतर पुढच्या वर्षी हे दोन्ही स्क्रू हलायला लागतील."

*

जुळे सोलापूरच्या त्या घरात आता महानंदाबाई एकट्याच राहत होत्या. पती काशिनाथ महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा सोमेश पुण्यात. वाहनांच्या बॅटऱ्या तपासणाऱ्या एका कंपनीत तो कामाला होता. दाढांचं रोपण त्यानेच आग्रहाने करून घेतलं होतं, आणि ठिपके त्याच्याही फोनवर उमटत.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई, एवढे सगळे करडे? मी बघितलंच नव्हतं गं. डॉक्टरांनी मला मेसेज केला. तू मला काही बोलली नाहीस."

"काय बोलायचं त्यात?"

"उद्यापासून दुपारी आपण एकत्र जेवायचं. मी इथे, तू तिथे. टॅबलेट समोर ठेव."

दुसऱ्या दिवशी महानंदाबाईंनी टॅबलेट तेलाच्या बरणीला टेकवून उभा केला. सोमेश पडद्यावर आला. त्याच्या हातात ब्रेडचा रोल होता. "काय केलंस आज?" त्याने विचारलं. "शेपू," त्या म्हणाल्या. मग त्याला कोणाचा तरी निरोप आला. "एक मिनिट," म्हणून त्याने आवाज बंद केला. त्याचे ओठ हलत राहिले, पण ते बोलणं त्यांच्याशी नव्हतं. त्या घास हातात धरून बघत राहिल्या. तो परत आला तेव्हा आमटी निवली होती. त्यांनी घाईघाईने भात कालवला आणि संपवला. ठिपका करडाच उमटला.

आठवडाभराने सोमेशने दुसरा उपाय काढला. 'शेजार' नावाची एक सेवा निघाली होती. असे पापुद्रे बसवलेले म्हातारे आता गावोगाव होते, आणि त्यांच्या मुलांच्या फोनवर करडे ठिपके साचत होते. तेव्हा या सेवेने घरी जेवायला माणसं पाठवायला सुरुवात केली होती. महानंदाबाईंकडे कोमल नावाची मुलगी आली. कॉलेजात शिकणारी, हसरी, मनगटावर सेवेचा पट्टा.

"काकू, बसूया का?" ती म्हणाली.

"तू बस. मी गरम भाकरी टाकते."

"तुम्हीपण बसा ना."

"बसते की. तू सुरू कर."

कोमलने सुरू केलं. तव्यावरची भाकरी टम्म फुगली, ती तिच्या ताटात गेली. मग दुसरी. महानंदाबाईंनी शेंगाचटणीवर तेल सोडलं, दही पुढे सरकवलं. "अजून अर्धी घे," म्हणाल्या. कोमल शिकवलेले प्रश्न विचारत होती. तुम्ही लहानपणी कुठे होता? तुम्हाला कोणता सण आवडतो? महानंदाबाई ओट्याशी उभ्या राहून उत्तरं देत होत्या. कोमल जेवून, हात धुऊन, पट्ट्यावर नोंद करून गेली. मग त्यांनी उरलेली भाकरी आमटीत कुस्करली आणि ओट्याला टेकून, चार घासांत उरकली.

असं रोज झालं. कोमल येत राहिली, ठिपके करडे पडत राहिले.

शेवटी एकदा तिनेच विचारलं, "काकू, तुम्हाला माझ्याबरोबर जेवायला आवडत नाही का?"

महानंदाबाई गोंधळल्या. मुलगी चांगली होती. तिला वाढायला आवडत होतं. पण तिच्यासमोर ताट घेऊन बसायचं म्हटलं की पाय ओट्याकडे वळत. कोणी जेवत असताना आपण बसायचं असतं हे शरीराला ठाऊकच नव्हतं. हे तिला कसं सांगायचं त्यांना कळेना.

"तसं नाही गं," त्या म्हणाल्या. "मला नंतर जेवायची सवय आहे."

*

पुढच्या शनिवारी सोमेश स्वतः आला. आईला पुण्याला न्यायचं ठरवूनच आला होता. जाण्याआधी डॉक्टरांना भेटावं म्हणून दोघं केंद्रात गेले.

"बाबा गेल्यापासून ही खचलीये," तो डॉ. ऋजुतांना म्हणाला. "आम्ही पुण्यात, ही इथे एकटी. हाडावर परिणाम होणारच."

"तुमचे वडील असतानाचीही माहिती आहे आपल्याकडे," डॉक्टर म्हणाल्या. "रोपण तेव्हाचंच आहे. बघूया किती फरक पडलाय. उपचार ठरवायला बरं पडेल."

त्यांनी दिनदर्शिका मागे सरकवली. काशिनाथ गेले तो महिना आला. त्याच्याही मागचे महिने आले.

सोमेशला वाटलं होतं, आता हिरवे ठिपके दिसायला लागतील. आई-बाबा दोघं घरात होते तेव्हाचे. काशिनाथांच्या शेवटच्या आजारपणातले सहा-सात आठवडे खरंच हिरवे होते. पण त्याच्या मागे पुन्हा सगळं करडं. पहिल्या दिवसापर्यंत करडं. मधे दिवाळी होती, सोमेश आणि त्याची बायको प्राजक्ता आठवडाभर येऊन राहिले होते, घर भरलेलं होतं. तेही करडं.

"हे चुकलंय," सोमेश म्हणाला. "तेव्हा तर बाबा होते. आम्ही होतो."

डॉ. ऋजुतांनी आकडे तपासले. पापुद्रा नीट चालत होता. त्यांनी महानंदाबाईंकडे पाहिलं. महानंदाबाई मांडीवरची पिशवी उघडून चष्म्याचं घर शोधत होत्या, जरी चष्मा डोळ्यांवरच होता.

"चल, सोमेश," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना पुढचे लोक बघायचेत."

दोघं घरी आले. दारात चपला काढता काढता म्हणाला, "आई, दिवाळीत आपण सगळे एकत्र जेवायचो ना?"

"तुम्ही जेवायचात."

"आणि तू?"

"मी वाढत होते की रे."

सोमेश तिथेच उंबऱ्याशी उभा राहिला. आठवायचा प्रयत्न करत होता. आईचा भाकरी थापणारा हात त्याला आठवला. तिचा आवाज आठवला, "अजून घे." बांगड्यांवर लागलेलं पीठ आठवलं. पण ताटासमोर बसलेली आई त्याला कुठेच सापडेना. आजी असताना नाही, काका राहायला होते तेव्हा नाही, नंतर घरात तिघंच उरले तेव्हाही नाही.

"बाबांना हे माहीत होतं?"

महानंदाबाई खुर्चीत बसल्या. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असंही त्यांना वाटलं नव्हतं. पण आता पडद्यावर सगळं दिसलंच होतं.

"शेवटी कळलं," त्या म्हणाल्या. "त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली. गिळायला त्रास व्हायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक चमचा भरवा, मग थांबा, मग दुसरा. त्या मधल्या वेळात मी नुसती बसून असायची. तर एकदा त्यांनी डाव्या हाताने खूण केली, की तूही खा. मी म्हटलं, नंतर जेवते. तर तोंडच उघडेनात. मी घास घेतल्याशिवाय घेईनात. लहान मुलासारखं."

"मग?"

"मग मी ताट घेऊन बसायला लागले. त्यांना मऊ खिचडी आणि मला भाकरी. बोलणं अडखळत होतं, पण मला समजायचं. आपल्याकडची कडक भाकरी त्यांना किती आवडायची, तुला माहीत आहे. आता चावता येत नव्हती. तर म्हणाले, तू खा, मला आवाज ऐकू दे. मी मोडून तोंडात टाकली की डोळे मिटून ऐकत राहायचे." त्या किंचित हसल्या. "मला लाज वाटायची. एवढा कुरकुर आवाज."

सोमेश जमिनीकडे बघत होता.

"त्याच दिवसांत एकदा विचारलं त्यांनी. एवढी वर्षं तू कधी जेवायचीस गं? मी म्हटलं, नंतर. त्यांनी खूप वेळ माझ्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं पुढच्या चमच्यासाठी."

बाहेर विनाचालक बस थांब्यावर येऊन थांबली, कोणी चढलं नाही, पुढे गेली.

"ते दिवस तुम्हा सगळ्यांना माझ्या हालाचे वाटत होते," महानंदाबाई म्हणाल्या. "फोन करून म्हणायचास, आई, किती करावं लागतंय तुला. मला काय सांगावं कळायचं नाही. मला बरं वाटत होतं रे. दुपार कधी होते याची मी वाट बघायची."

पुण्याला जायला त्यांनी नकार दिला. सोमेशने फारसा आग्रह धरला नाही. पण जाताना तो म्हणाला, "मी येत जाईन रविवारी. जमेल तेव्हा. आणि तू बसायचंस. मी वाढीन."

*

तो आला खरंच. एका रविवारी आला, मग एक सोडून पुढच्या रविवारी. त्याला भाकरी करता येत नव्हती म्हणून महानंदाबाई आधीच करून ठेवत आणि मग त्याच्यासमोर बसत. पहिल्या वेळी त्यांना घास उतरेना. सारखं उठावंसं वाटे, पाणी आणायला, मीठ आणायला. सोमेश म्हणे, "बस." त्या बसत.

मधल्या दिवसांत त्या एकट्याच. कोमलचं येणं त्यांनी बंद करायला लावलं होतं. एके दुपारी ओट्याशी उभं राहून वाटीत भाकरी कुस्करायला घेतली आणि हात थांबला. कशासाठी ही घाई? कोणाला वाढायचं नव्हतं, कोणाची भांडी घासायला अडली नव्हती. त्यांनी ताट घेतलं. चटणी वाढली, कांदा फोडला, दही घेतलं, कडक भाकरी मोडून ठेवली. टेबलाशी जाऊन बसल्या. समोरची खुर्ची रिकामी होती.

एक घास घेतला. कुरकुर आवाज घरभर झाला. तो ऐकणारं कोणी नव्हतं. मग घास गिळून त्या मोठ्याने म्हणाल्या, "नंतर म्हणजे कधी, ते सांगू का? तुमच्या आईचं झालं, भावजींचं झालं, भांडी झाली, म्हणजे तीन वाजत. सणाला चार."

आपलाच आवाज ऐकून त्या दचकल्या. पण थांबल्या नाहीत. दुसरा घास घेतला. चावून झाल्यावर पुढचं सांगितलं. सोमेशच्या वेळी पोटुशी असताना एकदा सगळं अन्न संपलं होतं, आणि त्यांनी पातेल्याला लागलेला भात खरवडून खाल्ला होता. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. सांगताना राग आला, आणि ज्याच्यावर यायचा तो माणूस नाही म्हणून रडू आलं. रडून झाल्यावर उरलेली भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या. सांगण्यासारखं पुष्कळ साठलं होतं.

*

पुढच्या तपासणीला डॉ. ऋजुतांचा चेहरा खुलला होता. "काकू, बघा!" स्क्रूभोवतीची काळी कडा आत सरकली होती. हाड भरत होतं. "आणि ठिपके पाहा. रविवारचे तर आहेतच, पण इतर दिवसांचेही हिरवे. रोज कोण येतं जेवायला?"

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"मी ताट वाढून घेते आणि बसते. बोलते थोडं."

"कोणाशी?"

"सोमेशच्या बाबांशी. कधी माझी मीच."

डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या. जोर होता, थांबे होते, थांब्यांची लांबी अगदी दोघांच्या गप्पांसारखी. यंत्राला फरक कळला नव्हता.

"मग हे सोबतीचं जेवण नाहीच," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "काकू, हे फार महत्त्वाचं आहे. याचा अर्थ हाडाला दुसरं माणूस लागत नाही. थांबे मिळाले की पुरे. आपण लोकांच्या दातातच एक हलकी थरथर देऊ शकतो, दर घासानंतर थांबायला सांगणारी. कोणाला बोलावायची गरजच नाही! किती लोकांचं काम सोपं होईल."

"हो," महानंदाबाई म्हणाल्या. रिकाम्या खुर्चीसमोरची आपली दुपार आता अशी घरोघर वाटली जाणार, हा विचार त्यांना नकोसा वाटला. पण डॉक्टर इतक्या आनंदात होत्या की त्यांनी तेवढ्यावरच पिशवी उचलली.

त्या घरी पोचण्याआधीच सोमेशचा फोन आला.

"आई, ग्रेट! सगळे हिरवे! डॉक्टर म्हणाल्या हाड भरतंय. मला किती हलकं वाटतंय सांगू." तो मनापासून बोलत होता. "बरं, ऐक ना, या महिन्यात माझं येणं जरा अवघड आहे. प्राजक्ताच्या ऑफिसचं पण चाललंय. तुझं आता छान चाललंय तर पुढच्या महिन्यात बघूया?"

"बघूया," त्या म्हणाल्या.

तो महिना गेला. पुढच्या महिन्यातही तो आला नाही. रोजचा हिरवा ठिपका बघून त्याला बरं वाटत होतं, आणि तसे मेसेजही तो पाठवत होता. महानंदाबाई टेबलाशी बसून काशिनाथांशी बोलत होत्या, पण सांगायचं हळूहळू संपत आलं होतं. रागही ओसरला होता. एका दुपारी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. त्या दिवशी त्यांना घर फार मोठं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी दुधात कुस्करली आणि ओट्याशी उभं राहून गिळली. रात्रीही तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. आपण काय करतोय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. "आई, परत करडे? काय झालं? तब्येत बरी आहे ना? मी उद्या निघतो. सुट्टी टाकतो."

हवं होतं ते झालं होतं. फक्त 'ये' म्हणायचं होतं. महानंदाबाई फोन धरून उभ्या राहिल्या. ओट्यावर दुधाची वाटी तशीच होती. तो उद्या येईल, काळजीने येईल, समोर बसवून खायला लावेल. आणि ठिपके हिरवे झाले की जाईल. मग पुन्हा दूध-भाकरी. असं किती दिवस, आणि तोंडात हाड किती उरेल?

"सोमेश, मी मुद्दाम केलं," त्या म्हणाल्या.

"काय मुद्दाम?"

"चावलं नाही. ठिपका बिघडला की तू येतोस, म्हणून."

मग त्याचा आवाज चढला. "आई, काय हे? हाड जाईल ना तुझं! लहान आहेस का तू?"

"आणि ठिपके हिरवे होते तेव्हा माझ्याबरोबर कोण होतं, हे विचारलंस का रे?"

"कोण होतं?"

"कोणी नव्हतं. मी एकटीच बसून बोलत होते. यंत्राला वाटलं दोघं आहेत." त्यांनी दुधाची वाटी बाजूला सारली. "हाड भरलं, सोमेश. मला मात्र दिवस जात नाही. मला एकटं वाटतं. हे मी कधी कोणाला म्हटलेलं नाही, आता म्हणते. तुझ्या फोनवरून ते ठिपके काढून टाक. डॉक्टरांना काय बघायचं ते डॉक्टर बघतील. तुला यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर तसं सांग, मी रागावणार नाही."

"काढतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या दुपारी महानंदाबाईंनी पुन्हा कडक भाकरी घेतली. दात आपले होते, ते कोणासाठी मोडायचे नव्हते.

सोमेशचे दोन-चार साधे फोन आले. इकडचं तिकडचं बोलून झालं. येण्याबद्दल तो काही म्हणाला नाही, त्यांनीही विचारलं नाही. आता त्याला ओढून आणणारं काही उरलं नव्हतं. बरेच रविवार तसेच गेले. प्रत्येक रविवारी त्या जास्त भाकऱ्या करत, आणि सोमवारी त्याच खात. मग तेही सोडलं, आपल्यापुरतंच करू लागल्या.

एका साध्या बुधवारी त्या जेवायला बसल्या होत्या. भरल्या वांग्याचा रस भाकरीला लावता लावता मोठ्याने म्हणाल्या, "तिखट जरा जास्तच झालंय आज." घास तोंडात घातला. तेवढ्यात दार वाजलं आणि उघडलंही. सोमेश आत आला. पाठीला पिशवी, शर्ट घामाने भिजलेला. बुधवार, त्याचं ऑफिस, काहीच जुळत नव्हतं.

महानंदाबाईंचे हात टेबलाच्या कडेवर गेले. त्या अर्धवट उठल्या. भाकरी एकच होती, ती त्यांच्या ताटात. पीठ मळायला हवं, तवा ठेवायला हवा.

मग त्या पुन्हा खाली बसल्या.

सोमेशने ते पाहिलं. तो हात धुवायला गेला. स्वयंपाकघरातून डबे उघडल्याचे, चुकीचे डबे उघडल्याचे आवाज आले. त्याने एक ताट घेतलं, त्यात वांगं वाढलं, सकाळचा थंड भात घेतला आणि समोरची खुर्ची ओढून बसला. महानंदाबाईंनी आपली भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात ठेवली.

"आत येताना तुझा आवाज ऐकला," तो म्हणाला. "काय म्हणत होतीस?"

त्यांच्या तोंडात घास होता. सोमेश हात ताटावर ठेवून, आईचं चावून होईपर्यंत थांबला.